अठरा ते एकवीस: कम्युनिटी कॉलेजात ‘एजे’ घ्यावं का?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून एका ताईंनी विचारलं आहे: मुलगा जूनमध्ये हायस्कूल संपवतोय. कॉम्प्युटर सायन्सला जायचं नाही म्हणतो. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस’ (पोलीस, कोर्ट, तुरुंग यांच्या कामकाजाचा विषय) घेणार आणि पुढे पोलीस किंवा डिटेक्टिव्ह होणार म्हणतो. ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व अजून नाही. या डिग्रीला काही किंमत आहे का? नोकरी लागते का, की दोन वर्षं वाया जातील? आणि साताऱ्याला त्याच्या आजीला काय सांगायचं?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पेच तिथेच आहे असं मला वाटतं. मी कोरेगाव तालुक्यातला. इथल्या एका काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखी) प्रोबेशन खात्यात, म्हणजे शिक्षा होऊनही तुरुंगाबाहेर राहणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या खात्यात, पंचवीस वर्षं काढली. आता निवृत्त झालोय आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात एजेचे वर्ग घेतो. (इथे सगळे या विषयाला ‘एजे’च म्हणतात. तुमचा मुलगाही महिनाभरात म्हणू लागेल.) मी नोकरीला लागलो तेव्हा आईने गावात सांगून टाकलं होतं की पोरगा ‘कोर्टात आहे’. ते पुरतं खोटं नव्हतं, खरंही नव्हतं.

आपल्याकडे पोलिसात शिरायची दारं वेगवेगळी. शिपाई भरती, एमपीएससीतून फौजदार किंवा डीवायएसपी, यूपीएससीतून आयपीएस. कोणत्या दारातून आत गेलात त्यावरून लग्नाच्या बाजारातला भाव ठरतो. ‘एवढं अमेरिकेला जाऊन पोलिसात?’ असं आजी म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर पहिलं दार असतं. इथे दार एकच आहे. पोलीसप्रमुख झालेला माणूससुद्धा कधीतरी रात्रपाळीला गस्तीच्या गाडीत बसलेला असतो. वरून थेट येऊन बसणारा साहेब इथे नाही. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, निवडणूक लढवून येतो, तेवढा वेगळा. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत आणि तितकेच शेरीफ. देशभरातल्या पोलीस यंत्रणा १८ हजारांच्या घरात आहेत, त्या एकमेकींच्या हाताखाली नाहीत आणि प्रत्येकीची भरती वेगळी. त्यामुळे ‘हवालदार’ किंवा ‘एसपी’ असे शब्द इथे बसत नाहीत. आजीला म्हणा, कायदा शिकतोय. पहिल्या वर्षी तो तेच करणार आहे.

आता डिग्रीच्या किमतीविषयी. या डिग्रीवर पोलिसाची नोकरी मिळत नाही. कॅलिफोर्नियात पोलीस होण्यासाठी कायदा मागतो ते शिक्षण हायस्कूलपुरतं. पण २०२१ साली झालेल्या कायद्याने नव्या पोलिसासाठी किमान वय १८ वरून २१ केलं. म्हणजे तुमच्या मुलाकडे तीन वर्षं आहेत, आणि ती त्याने कशीही घालवली तरी एकविसाव्या वाढदिवसाआधी त्याला कोणी बिल्ला लावणार नाही. या तीन वर्षांचं काय करायचं, एवढाच प्रश्न उरतो.

पैशाने हिशेब केला तर उत्तर सोपं आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजची फी २०१२ पासून युनिटला (अभ्यासक्रम मोजायचं माप) ४६ डॉलर आहे. दोन वर्षांच्या डिग्रीची ६० युनिटं, म्हणजे २,७६० डॉलर. पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला बरीच कॉलेजं तेवढीही फी घेत नाहीत. आपल्या लोकांत कम्युनिटी कॉलेजविषयी एक विचित्र लाज असते, ‘कुठेच अ‍ॅडमिशन मिळाली नाही का?’ असं विचारण्यातली. माझ्या वर्गात अठरा वर्षांची पोरं असतात, इराकमध्ये लढून आलेला सैनिक असतो, दिवसा तुरुंगात पहारा देऊन संध्याकाळी वर्गात डुलक्या घेणारी दोन मुलांची आई असते. चांगल्या विद्यापीठाच्या हॉस्टेलात एवढी माणसं एका बाकावर भेटणार नाहीत.

हा विषय एवढ्या कॉलेजांत शिकवला जातो तो मुळात सरकारी पैशामुळे. बर्कलीचा पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर हा स्वतः फार न शिकलेला माणूस, पण पोलिसाने कॉलेजात जावं हा आग्रह त्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच धरला होता. त्याला बळ मिळालं १९६८ च्या फेडरल (केंद्र सरकारच्या) कायद्यानंतर, पोलिसांच्या शिक्षणाला वॉशिंग्टनहून पैसा यायला लागला तेव्हा. गावोगावच्या कॉलेजांनी घाईघाईने विभाग उघडले. काही चांगले निघाले, काही निवृत्त पोलिसांनी जुन्या गप्पा सांगायचे अड्डे झाले. दोन्ही प्रकार अजून आहेत. मुलाला पहिल्या आठवड्यात एवढंच पाहायला सांगा, की मास्तर खटले वाचायला लावतो की स्वतःचे पराक्रम ऐकवतो.

चांगल्या वर्गात काय होतं, त्याचा एक नमुना सांगतो. ३१ ऑक्टोबर १९६३, ओहायोतलं क्लीव्हलँड शहर. मार्टिन मॅकफॅडन नावाचा साध्या वेशातला डिटेक्टिव्ह, ३९ वर्षं पोलिसात मुरलेला, दुपारी रस्त्यावर उभा आहे. दोन माणसं त्याला दिसतात. एक जण चालत जातो, एका दुकानाच्या काचेतून आत डोकावतो, थोडं पुढे जातो, परत फिरताना पुन्हा डोकावतो आणि दुसऱ्याशी काहीतरी बोलतो. मग दुसरा तेच करतो. प्रत्येकाने पाच-सहा वेळा, मिळून साधारण डझनभर फेऱ्या. मॅकफॅडन जाऊन त्यांना हटकतो, कपड्यांवरून चाचपतो आणि पिस्तुलं सापडतात. अटक करण्याइतका पुरावा झडतीपूर्वी त्याच्याकडे नव्हता. मग झडती कायदेशीर की बेकायदेशीर? १९६८ साली सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी ती मान्य केली. ‘टेरी विरुद्ध ओहायो’ हा तो खटला. रस्त्यावर पोलीस एखाद्याला थांबवतो आणि वरवर चाचपतो, ते आजही याच निकालाच्या आधाराने.

हा खटला मी प्रत्येक सेमिस्टरला शिकवतो आणि प्रत्येक वेळी पोरं पिस्तुलावर थांबतात. मी त्यांना डझनभर फेऱ्यांवर आणतो. त्या म्हाताऱ्या डिटेक्टिव्हने फेऱ्या पाहिल्या, लक्षात ठेवल्या आणि कोर्टात तपशीलवार सांगितल्या. ‘मला त्यांची हालचाल बरी वाटली नाही’ एवढंच म्हणाला असता तर? मग वर्गाला बाहेर पाठवतो. पार्किंगजवळच्या बाकावर पंधरा मिनिटं बसा आणि दिसेल ते लिहून आणा. दर वेळी पाच-सहा कागदांवर ‘एक संशयास्पद इसम’ असतोच. आपल्या वर्तमानपत्रांत पोलिसांच्या प्रेसनोटमधून जसंच्या तसं उतरलेलं ‘संशयितरीत्या फिरताना आढळून आला’ हे वाक्य असतं ना, त्याचाच हा इंग्रजी भाऊ. मी लाल शाई मारतो आणि विचारतो, संशय डोळ्यांना कसा दिसला? त्याने काय केलं? किती वेळा? कोणत्या हाताने? किती अंतरावरून पाहिलंस? दोन-तीन आठवड्यांत मुलं सुधारतात. काहीजण कधीच सुधारत नाहीत, आणि बहुतेकदा ती पोरं व्यायामशाळेत सर्वांत तगडी असतात.

ताई, पोलिसाचं निम्मं आयुष्य लिहिण्यात जातं. पाठलाग वर्षातून एखादा, रिपोर्ट रोजचे. एका रिपोर्टवर सरकारी वकील खटला भरायचा की नाही ते ठरवतो, बचावाचा वकील त्याच रिपोर्टमधून भोकं काढतो आणि दोन वर्षांनी लिहिणारा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा असतो तेव्हा त्याच्या हातात आठवण म्हणून तेवढा कागद असतो. मुलाला इंग्रजी निबंधाचा कंटाळा असेल तर ही गोष्ट आत्ताच ताडून पाहा. गणिताचा कंटाळा चालून जाईल, लिहिण्याचा चालणार नाही.

आता ‘डिटेक्टिव्ह’ या शब्दाविषयी. तो स्वतंत्र भरतीचा हुद्दा नाही. काही वर्षं गस्त घातल्यावर खात्यातल्या खात्यात मिळणारी ती नेमणूक आहे. मुलाच्या डोक्यात टीव्हीवरची प्रयोगशाळा असेल, पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक, तर एजे हा त्याचा रस्ताच नाही. क्राइम लॅबमध्ये रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र शिकलेले लोक लागतात. डीएनए पाहणाऱ्याला जेनेटिक्स, बायोकेमिस्ट्री आणि मॉलिक्युलर बायॉलॉजी झालेली असावी लागते. दर वर्षी एखादा विद्यार्थी हे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी विचारायला येतो आणि मला वाईट वाटतं.

उलट ज्या कामांकडे कोणी पाहत नाही त्यांची यादी मोठी आहे. ९११ चा, म्हणजे आणीबाणीचा, फोन उचलणारा डिस्पॅचर, पुराव्याच्या वस्तूंची खोली सांभाळणारा, कोर्टातला कारकून, गुन्ह्यांच्या आकड्यांवर बसणारा अ‍ॅनालिस्ट, पीडितांना कोर्टात सोबत करणारा आणि माझं खातं, प्रोबेशन. लोकांना वाटतं शिक्षा म्हणजे तुरुंग. प्रोबेशनवरचा माणूस घरीच राहतो, कामाला जातो आणि त्याने कोर्टाच्या अटी पाळल्या की नाही ते आम्ही पाहतो. कधी त्याच्या दारात बुलेटप्रूफ जॅकेट घालून उभं राहावं लागतं, कधी त्याच्या मुलीच्या शाळेचा फॉर्म भरून द्यावा लागतो. २०११ साली कॅलिफोर्नियाचे तुरुंग इतके भरले होते की सुप्रीम कोर्टाने गर्दी कमी करण्याचा आदेश कायम केला आणि त्याच वर्षी राज्याने हलक्या गुन्ह्यांतल्या लोकांची जबाबदारी काउंट्यांवर टाकली. आमच्या टेबलावर रातोरात फायलींचा डोंगर आला. २०२३ मध्ये अल्पवयीनांसाठीच्या राज्याच्या कोठड्या बंद झाल्या आणि ती पोरंही काउंट्यांकडे आली. पाच वर्षांपूर्वीचं पाठ्यपुस्तक या विषयात चुकीचं ठरतं, म्हणून मी पुस्तक पाठ करणाऱ्यापेक्षा मूळ कायदा उघडून वाचणाऱ्याला मार्क जास्त देतो.

प्रोबेशन ऑफिसरला बऱ्याच काउंट्या चार वर्षांची पदवी मागतात. तेव्हा कम्युनिटी कॉलेजात गेल्या गेल्या एक गोष्ट पक्की करायची, ती म्हणजे साधी दोन वर्षांची डिग्री न घेता ट्रान्सफरची घ्यायची. एजेची ही डिग्री नीट पूर्ण केली की कॅल स्टेटच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या) एखाद्या कॅम्पसमध्ये तिसऱ्या वर्षात जागा मिळण्याची हमी असते. हव्या त्याच कॅम्पसची हमी मात्र नसते. सॅन होजे स्टेटला ‘जस्टिस स्टडीज’ आहे. यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) जायचं मनात असेल तर अर्व्हाइनला गुन्हेशास्त्र आणि कायद्याचा चांगला विभाग आहे, पण त्यासाठी कोणते विषय धरले जातात ते ‘असिस्ट’च्या संकेतस्थळावर आधी पाहायचं. काउन्सेलरची अपॉइंटमेंट पहिल्या महिन्यातच घ्या. नंतर ती मिळत नाही.

माझा स्वतःचा सल्ला थोडा वेगळा आहे आणि सहकारी मला त्यावरून टोमणे मारतात. एजे घ्या, पण चार वर्षांची पदवी दुसऱ्या कशाततरी करा: मानसशास्त्र, स्टॅटिस्टिक्स, अकाउंटिंग, स्पॅनिश. गुडघा गेला, मन उडालं, बायकोला रात्रपाळी नको झाली, की पोलिसाला एजेच्या पदवीवर दुसरीकडे फारसं कोणी विचारत नाही. आर्थिक गुन्ह्यांच्या तपासाला तर हिशेब समजणारी माणसं मिळतच नाहीत.

आता ज्या भागात आपल्या घरातली मुलं अडकतात, तो. भरतीच्या वेळी लेखी परीक्षा असते, मैदानी असते (७५ किलोचा पुतळा ओढणं, सहा फुटी भिंत चढणं वगैरे), मानसतज्ज्ञ असतो, बऱ्याच ठिकाणी पॉलिग्राफही, म्हणजे खोटं पकडायची चाचणी. यांत नापास होणारे असतातच. पण खरी चाळणी बॅकग्राउंड तपासाची. उमेदवाराला एक जाडजूड फॉर्म भरावा लागतो. कुठे कुठे राहिलात, कुठे कुठे काम केलंत, कोणी काढून टाकलं का, दंड, उधारी, नशापाणी. मग एक माणूस महिनोन् महिने ते पडताळत फिरतो. शेजाऱ्यांना भेटतो, जुन्या मालकांना फोन करतो.

माझा एक विद्यार्थी हुशार होता. एका पिझ्झाच्या दुकानातून त्याला काढलं होतं, कारण क्षुल्लक, दोनदा उशिरा आला. फॉर्मवर त्याने ‘स्वतः सोडली’ लिहिलं. काढलं म्हणून त्याला कोणी नाकारलं नसतं. खोटं लिहिलं म्हणून नाकारलं, आणि पुढे दुसऱ्या खात्यांत अर्ज केला तेव्हा ‘आधी कुठे नाकारलं गेलं का’ या रकान्यात तेच उत्तर द्यावं लागलं. एवढी कडक शिस्त का, त्याचं उत्तरही खटल्यांत आहे. १९६३ च्या ‘ब्रेडी विरुद्ध मेरिलँड’पासून सरकारी वकिलाला आरोपीच्या फायद्याची माहिती बचावपक्षाला द्यावीच लागते. पोलीस पूर्वी खोटं बोललाय ही बाबही आता त्यात येते. असा पोलीस साक्षीला उभा करता येत नाही, मग त्याला ठेवून करायचं काय?

आपल्याकडे घराच्या सोयीसाठी बोललेल्या खोट्याला कोणी खोटं म्हणत नाही. चांगल्या शाळेसाठी मामाचा पत्ता दिला, दुकानात रोखीने काम केलं आणि कुठे दाखवलं नाही, मावसभावाच्या नावावर विमा घेतला. माझंच सांगतो. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. आमच्या पिढीत निम्म्या वर्गाची तीच होती, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि गुरुजी तारीख टाकून मोकळे व्हायचे. आईच्या म्हणण्याप्रमाणे मी नागपंचमीच्या आसपासचा. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. त्याने ते लिहून घेतलं, प्रश्न मिटला. शाळेच्या पत्त्यासारखं तुमच्याकडे काही असेल तर मुलाला आत्ताच सांगून ठेवा. फॉर्मवर ते त्यानेच, आहे तसं लिहायचं.

ग्रीन कार्डाविषयी. १ जानेवारी २०२३ पासून कॅलिफोर्नियाने राज्य आणि स्थानिक पोलिसांसाठी नागरिकत्वाची अट काढली. कायदेशीर काम करण्याची परवानगी असली की पुरते. त्यामुळे त्याचं अडत नाही, तरी प्रत्येक खात्याची जाहिरात शेवटपर्यंत वाचायची. एफबीआयच्या एजंटाला मात्र नागरिकत्व लागतंच, शिवाय चार वर्षांची पदवी, कामाचा अनुभव आणि किमान २३ वर्षं वय. ज्यांची मुलं अजून एच-४ वर (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आहेत त्यांचं गणित वेगळं आहे. ती शिकू शकतात, पण परवानगीशिवाय नोकरी करू शकत नाहीत, आणि २१ व्या वर्षी तो व्हिसाच संपतो. त्यांनी आधी इमिग्रेशन वकिलाला भेटावं, मग माझ्यासारख्याला.

दोन गोष्टी ग्रीन कार्डवाल्या मुलांना कोणी सांगत नाही. एक, अठरा पूर्ण झाल्यावर मुलग्यांची ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस’मध्ये (सक्तीच्या लष्करभरतीची वेळ आलीच तर वापरायच्या सरकारी यादीत) नोंद लागते, नागरिक नसले तरी. झाली आहे का ते तपासा. दुसरी गांजाची. कॅलिफोर्नियात एकविशीनंतर तो कायदेशीर आहे, दुकानं उघडी आहेत, मित्र ओढतात. फेडरल कायद्यात तो गुन्हाच आहे, आणि नागरिक नसलेल्याने त्याची कबुली दिली तर पोलिसाची नोकरी राहिली बाजूला, नागरिकत्वाचा अर्जसुद्धा अडकू शकतो. हे त्याला बाबांनी एकदा शांतपणे, न ओरडता सांगावं.

अकॅडमीची, म्हणजे पोलीस प्रशिक्षणाच्या शाळेची, घाई करू नका. राज्याने ठरवलेला मूळ अभ्यासक्रम किमान ६६४ तासांचा आहे, प्रत्यक्षात बहुतेक अकॅडम्या त्याहून लांबतात. रिओ होंडो, गोल्डन वेस्ट, सांता रोसा अशा काही कम्युनिटी कॉलेजांच्या स्वतःच्या अकॅडम्या आहेत. स्वखर्चाने जाता येतं, पण तीन वर्षांत नोकरी मिळाली नाही तर ते प्रशिक्षण शिळं होतं आणि पुन्हा पात्रता सिद्ध करावी लागते. एखाद्या खात्याने आधी निवडलं तर पगार घेत शिकता येतं. त्यानंतर अनुभवी अधिकाऱ्याच्या शेजारी बसून किमान दहा आठवडे गस्त. ही पद्धत १९७२ च्या सुमाराला तुमच्या शेजारच्या सॅन होजेत घडली आणि तिथून देशभर गेली.

तोवर अठराव्या वर्षी करण्यासारखं एक आहे. बऱ्याच पोलीस खात्यांत कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना ‘कॅडेट’ म्हणून अर्धवेळ पगारी काम मिळतं. रेडिओ दुरुस्तीला नेणं, पार्किंगच्या पावत्या, खिडकीवर बसून लोकांच्या तक्रारी ऐकणं. काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच मी प्रत्येकाला ते करायला लावतो. सहा महिन्यांत निम्म्यांना कळतं की आपल्याला हे नको होतं, आणि ते ४६ डॉलर युनिटच्या भावात कळलेलं बरं.

पहिल्या सेमिस्टरला एजेची ओळख करून देणारा एकच वर्ग घ्यायचा. बाकी इंग्रजी लेखन, स्टॅटिस्टिक्स आणि स्पॅनिश. (मराठीला इथे कोणी जादा भत्ता देत नाही, मी विचारून पाहिलंय.) आणि एक वही घ्या. गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे राहिलात ते पत्ते, तिथल्या तारखा, घरमालकाचं नाव, मुलाने केलेली प्रत्येक नोकरी, मिळालेलं प्रत्येक ट्रॅफिक तिकीट असं सगळं त्यात लिहायला त्याला बसवा. फ्रीमाँटच्या आधीच्या अपार्टमेंटचा नंबर त्याला आठवणार नाही, तो तुम्हालाच जुन्या फायलीतून काढून द्यावा लागेल.